व्हॅलिडिटीचा अर्ज अकरावीतच टाका

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, मोलगी, तोरणमाळकडच्या ज्या मुली बारावीनंतर काय करायचं म्हणून मला फोन करतात, त्यांना मी सगळ्यात आधी विचारते, व्हॅलिडिटीचं काय केलंस? कुठला कोर्स, कुठलं कॉलेज, फी किती, हे सगळं मागाहून. बहुतेकींचं उत्तर ठरलेलं असतं: "ताई, जातीचा दाखला आहे ना!" जातीचा दाखला वेगळा आणि व्हॅलिडिटी, म्हणजे तो दाखला तपासून समितीनं दिलेलं वैधता प्रमाणपत्र, वेगळी, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहितेय.

आमच्या आश्रमशाळेत पाहुणे यायचे, भाषणं करायचे. मोठी स्वप्नं बघा, आकाशाला गवसणी घाला, असं सांगायचे. त्यांच्या मनात आमच्याबद्दल चांगलंच असायचं. पण त्यांना वाटायचं की आम्हाला शिकायची इच्छा नाही, ती जागवायला हवी. खरं तर दहावीच्या वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक मुलीला काहीतरी व्हायचं होतं. कुणाला नर्स, कुणाला पोलीस, एकीला वकील. मला शेतीचं शिकायचं होतं, कारण आमच्या उतारावरच्या शेतात मका का पिवळा पडतो हे मला कुणीतरी नीट सांगावं असं वाटायचं. आम्हाला इच्छा कमी पडली नाही. निकालानंतर जून ते नोव्हेंबर या काळात जे कागद लागतात, ते कुठून आणि कधी आणायचे, हे माहीत असलेलं माणूस कमी पडलं.

देशाच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणातही हे दिसतं. 2014-15 मध्ये आदिवासी मुलींचं उच्च शिक्षणातलं नोंदणीचं प्रमाण 12.2 टक्के होतं, 2021-22 मध्ये ते 20.9 टक्के झालं. इच्छा नसती तर हा आकडा एवढा वाढला नसता. पण त्याच वर्षी सगळ्या समाजांचं मिळून प्रमाण 28.4 टक्के होतं. मधल्या फरकात ज्या मुली आहेत त्यांतल्या कितीतरी जणी मला तोंडपाठ आहेत. एकीच्या नावापुढं सीट लागली होती आणि कागद नव्हता.

माझी दहावी 2020 ची. भूगोलाचा पेपर रद्द झाला, आणि आम्हाला आश्रमशाळेतून घरी पाठवलं. अकरावी सायन्सला शहाद्याला प्रवेश घेतला, पण ते वर्ष पाड्यावरच गेलं. ऑनलाइन वर्ग म्हणजे गावामागच्या टेकडीवर जायचं, रेंज पकडायची आणि सरांनी पाठवलेला फोटो उघडेपर्यंत बॅटरी वाचवायची. सरकारी कार्यालयं अर्धी बंद. त्यामुळे व्हॅलिडिटीचं नाव मी बारावीत, कॉलेज सुरू झाल्यावर ऐकलं. केमिस्ट्रीच्या मॅडम वर्गात म्हणाल्या, ज्यांना सीईटी द्यायचीय आणि एसटीतून प्रवेश हवाय, त्यांनी दिवाळीच्या आत अर्ज टाका. तेव्हा आमच्या वर्गात मोजक्याच मुलांच्या घरात ते प्रमाणपत्र होतं. ती बहुतेक शिक्षक किंवा ग्रामसेवकांची मुलं.

आता व्हॅलिडिटी म्हणजे काय ते सांगते. प्रांत देतात तो जमातीचा दाखला. तो खरा आहे की नाही हे तपासते ती अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समिती. राज्याचा यासाठीचा कायदा 2000 चा आहे, आणि त्याच्या मागे सर्वोच्च न्यायालयाचा 1994 चा माधुरी पाटील खटल्यातला निकाल आहे. व्यावसायिक कोर्सला एसटीच्या जागेवर प्रवेश हवा असेल तर हे प्रमाणपत्र लागतंच. ठरलेल्या तारखेपर्यंत ते दिलं नाही, तर तुम्ही खुल्या प्रवर्गात. राज्यात आपल्यासाठी 7 टक्के जागा आहेत, पण कागद नसेल तर त्या तुमच्यासाठी नाहीतच.

हे असं का, याचा मला सुरुवातीला राग यायचा. नंतर समजलं की खोटे दाखले काढून आपल्या जागा, आपल्या नोकऱ्या दुसऱ्यांनी घेतल्या म्हणूनच ही तपासणी आली. बोगस आदिवासींविरुद्ध आपल्याच लोकांनी मोर्चे काढले आहेत. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खोट्या दाखल्यावर मिळवलेला फायदा टिकणार नाही. ते बरोबरच आहे. म्हणून तपासणी नको असं मी म्हणत नाही. पण त्या तपासणीचं सगळं ओझं सतरा वर्षांच्या मुलीवर आणि तिच्या चौथी शिकलेल्या बापावर पडतं, हेही कुणीतरी बोललं पाहिजे.

मुख्य अडचण पुराव्याची. समितीला जुना कागद हवा असतो, जितका जुना तितका चांगला. 6 सप्टेंबर 1950 या तारखेला कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं, हे दाखवावं लागतं. आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, जुना सातबारा, असलं काही. माझे आजोबा शाळेत गेले नाहीत, कारण त्यांच्या लहानपणी जवळपास शाळाच नव्हती. अक्राणीतली, म्हणजे आमच्या धडगाव तालुक्यातली, कितीतरी गावं आधी वनगावं होती, महसुलाची दप्तरं तिथं उशिरा आली. म्हणजे ज्यांचं आदिवासी असणं सगळ्यात उघड, त्यांच्याकडे कागद सगळ्यात कमी.

माझी वाट मोकळी झाली ती एका चुलत काकांमुळे. ते प्राथमिक शिक्षक. त्यांची व्हॅलिडिटी झालेली होती. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या माणसाची वैधता असेल तर तो मोठा पुरावा धरतात, हे नीट लक्षात ठेवा. आईकडचं चालत नाही. वडील, भाऊ, काका, आत्या, चुलत भावंडं असंच हवं. आणि त्यासाठी वंशावळ लागते, प्रतिज्ञापत्रावर. आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ, त्यांची मुलं, सगळी नावं ओळीनं.

इथं आम्ही अडकलो. काकांच्या वंशावळीत पणजोबांचं नाव रुमल्या, आणि माझ्या वडिलांच्या कागदावर रुमला. एका अक्षराचा फरक. काउंटरवरच्या माणसानं बोट ठेवलं आणि फाइल परत सरकवली. वडील त्याला पुन्हा पुन्हा सांगत होते, "साहेब, एकच माणूस आहे, माझा आजा आहे." पण कागदाला ते ऐकू येत नाही. शेवटी एका वकिलाच्या कारकुनानं सांगितलं, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं वेगळं प्रतिज्ञापत्र करा, काकांची सही घ्या, त्यांच्या व्हॅलिडिटीची साक्षांकित प्रत आणि त्यांच्या फाइलमधली वंशावळ जोडा. ते केल्यावर अर्ज घेतला गेला.

जमातीच्या नावाचंही तसंच. आमच्या भाऊबंदांत कुणाच्या जुन्या दाखल्यावर 'भिल्ल' आहे, कुणाच्या 'पावरा', कुणाच्या 'हिंदू पावरा'. शाळेत नाव घालताना मास्तरांनी जे लिहिलं ते. यात घाबरू नका. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत भिल्ल, भिलाला, पावरा, वसावे ही नावं एकाच नोंदीत आहेत. पण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नावात, जन्मतारखेत चूक असेल तर ती शाळेतूनच दुरुस्त करून घ्या, आणि शाळेत असतानाच घ्या. आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांचा वाढदिवस 1 जून. तो बदलत बसू नका, फक्त आधार, दाखला आणि गुणपत्रिका यांवर तोच असू द्या.

काही महिन्यांनी घरी दक्षता पथक आलं. एक पोलीस अधिकारी आणि एक संशोधन अधिकारी. गाडी रस्त्यापर्यंतच येते, पुढं चालत आले. आईनं खाट टाकली. संशोधन अधिकाऱ्यांनी मांडीवर पॅड घेतलं आणि वडिलांना विचारायला सुरुवात केली: कुळ कोणतं, देव कोणते, लग्न कसं लागतं, देज (मुलीकडच्यांना द्यायची रक्कम) किती, ती कोण ठरवतं, माणूस मेल्यावर काय करता. वडिलांना मराठी येतं, पण असल्या गोष्टी ते कधी मराठीतून बोललेलेच नाहीत. ते पावरीत सांगायचे, मी मराठीत सांगायची, आणि सर लिहायचे. इंदल या आमच्या सणाबद्दल विचारलं तेव्हा वडील खुलले, कळंबाच्या फांद्या कोण आणतं, रात्रभर कोण गातं, सगळं सांगत सुटले. राणी काजल या आमच्या देवीचं नाव निघालं तेव्हा आई आतून बाहेर आली आणि वडिलांचं काहीतरी चुकलं म्हणून तिनं दुरुस्त केलं. सरांनी आधीचं खोडून आईचं लिहिलं. त्यांनी आम्हाला तुसडेपणानं वागवलं नाही, हे मी मुद्दाम सांगते.

पण ते गेल्यावर वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपण आपणच आहोत, हे यांना आपणच सांगायचं?" मला काही उत्तर देता आलं नाही. पुढं 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठाकूर जमातीच्या खटल्यात सांगितलं की चालीरीतींची ही आप्तभाव चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नाही, कागदोपत्री पुरावा भक्कम असेल तर केवळ या चाचणीवरून दावा फेटाळता येणार नाही. हे वाचलं तेव्हा मी कॉलेजात होते. शहरात जन्मलेल्या आदिवासी मुलीला इंदलची गाणी आली नाहीत म्हणून ती आदिवासी नाही असं कसं ठरवायचं?

दरम्यान सीईटी झाली. 2022 ची सीईटी ऑगस्टमध्ये झाली. बारावी मराठी माध्यमाच्या डोक्यानं इंग्रजीतून दिलेली, क्लास लावलेला नव्हता. मोठीच्या मोठी पुस्तकं घेऊन वेळ घालवण्यापेक्षा जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा आणि बायोलॉजी पक्कं करा, मला तेच कामाला आलं. पर्सेंटाइल फार मोठं नव्हतं. पण शेतीच्या कोर्सला शेतकरी कुटुंबातल्या मुलांना जादा भारांश असतो, त्याला जमिनीचा कागद लागतो. आमची जमीन वनहक्क कायद्याखालची. हा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं मिळतो. त्यावर आईचं नाव आहे. जमिनीच्या कुठल्याही कागदावर तिचं नाव त्याआधी कधीच नव्हतं. तलाठ्याकडून दाखला घेताना मी तिला ते बोट ठेवून दाखवलं. ती म्हणाली, "मग माझ्या जमिनीवरून तुला नंबर लागणार?" लागला.

व्हॅलिडिटी कागदपत्र तपासणीच्या अगदी तोंडावर मिळाली. त्या आठवड्यात मी काय खाल्लं, कुठं झोपले, हे मला नीट आठवतही नाही. माझ्याबरोबर अर्ज केलेल्या एका मैत्रिणीचं प्रमाणपत्र आलं नाही. तिचे गुण माझ्यापेक्षा जास्त होते. ती खुल्या यादीत गेली आणि तिचा नंबर लागला नाही. तिनं बीए केलं, आता बीएड करतेय आणि चांगली शिक्षिका होईल याची मला खात्री आहे. पण तिला बीए करायचं नव्हतं.

प्रवेश झाला म्हणून घरात सगळं सुरळीत झालं असं नाही. दिवाळीनंतर आमच्याकडची माणसं गुजरातेत ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि मग ती फेडेपर्यंत तोडायचं. आई-वडील गेले की धाकट्या भावंडांना कोण बघणार, हा प्रश्न दर घरातल्या मोठ्या मुलीपाशी येऊन थांबतो. माझ्या बाबतीत आजीनं तो आपल्यावर घेतला. ज्यांच्या घरी आजी नाही, त्यांचं शिक्षण इथंच सुटतं, आणि बाहेरचे लोक म्हणतात आदिवासी मुलींना शिकायचं नसतं, लवकर लग्नं करतात. आमच्याकडे मुलगी झाली म्हणून कुणी तोंड पाडत नाही. लग्नात मुलीकडच्यांना देज मिळते. मुलगी घरावर ओझं नसते. पण तिच्या हातांना काम असतं, आणि ते काम सोडून ती चार वर्षं जाणार, हा हिशेब घरानं बसवायचा असतो. माझ्या वडिलांनी त्या वर्षी उचल जास्त घेतली, ती माझ्या खोलीच्या डिपॉझिटसाठी. हे मी इथं लिहितेय कारण त्यांनी ते कुणालाच सांगितलं नाही.

डिपॉझिट का लागलं? कारण कॉलेज आधी सुरू होतं आणि वसतिगृहाची यादी मागून लागते. आदिवासी विकास विभागाच्या मुलींच्या वसतिगृहाला अर्ज केला होता, पहिल्या यादीत नाव आलं नाही. ज्यांना वसतिगृह मिळत नाही त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे, 2016-17 पासूनची. जेवण, राहणं आणि वह्यापुस्तकांसाठी पैसे खात्यात येतात. योजना सुरू झाली तेव्हाचे दर असे: मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला 60,000, इतर विभागीय शहरांत 51,000, बाकी जिल्ह्याच्या ठिकाणी 43,000 रुपये. योजना चांगली आहे, आणि तिच्यामुळेच मी टिकले. पण पैसे हप्त्यानं येतात, आणि पहिला हप्ता येईपर्यंत घरमालक थांबत नाही. म्हणून निदान तीन महिन्यांच्या भाड्या-जेवणाची सोय आधी करून ठेवा. गावात कुणी नोकरीला असेल तर लाजू नका, उसने मागा.

शिष्यवृत्तीचं दुखणं निराळं. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पालकांचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं, आणि अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरायचा असतो. ते सगळं मी वेळेत केलं. अर्ज मंजूरही झाला. पैसे मात्र दिसेनात. माझं खातं धडगावच्या बँकेतलं, पासबुक भरून आणलं तरी शून्य. पुष्कळ हेलपाट्यांनंतर कळलं की शाळेत असताना एका शिबिरात माझं दुसरं खातं उघडलं गेलं होतं आणि आधार त्याला जोडलेलं होतं. सरकारी पैसा खाते क्रमांकावर येत नाही, आधार ज्या खात्याला सीड केलेलं असतं तिथं जातो. पैसे तिथं सुरक्षित पडून होते. तेव्हा अर्ज भरायच्या आधी आधारच्या साइटवर जाऊन आपलं आधार कुठल्या बँकेशी जोडलंय हे बघा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि मोबाइल नंबर आधारला जोडलेला लागतो. नंबर बदलला असेल तर आधी तो अपडेट करा. वडिलांचा, काकांचा, मास्तरांचा नंबर देऊ नका. ओटीपी त्यांच्याकडं जातो आणि ते ऊस तोडत असतात.

कॉलेजचं पहिलं वर्ष भाषेनं जड गेलं. पावरीतून मराठीत यायला मला आश्रमशाळेत तीन-चार वर्षं लागली होती, इथं मराठीतून इंग्रजीत यायला एक सत्र दिलेलं होतं. मी प्रत्येक तासाचे शब्द वहीच्या मागच्या पानांवर लिहायची आणि रात्री त्यांचा अर्थ शोधायची. कुणीतरी मेसमध्ये म्हणालं, तुमचं काय, कोट्यातून आलात. तिला मी शांतपणे वंशावळीची, रुमला आणि रुमल्याची गोष्ट सांगितली. ऐकून ती माझ्याबरोबर बसून केमिस्ट्रीच्या नोट्स काढू लागली, आणि अजून माझी मैत्रीण आहे.

शेतावरच्या प्रात्यक्षिकात मात्र मला कुणाच्या मदतीची गरज पडली नाही. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. आमच्या विभागात लहान तृणधान्यांचे वाफे लावले होते. सरांनी एक ओंबी हातात घेऊन विचारलं, ही काय? वर्ग गप्प. मी म्हटलं, बर्टी. पलीकडची? मोर. कधी पेरता, किती पावसावर येतं, उतारावर कुठलं टिकतं, उखळात कांडताना कोंडा कसा सुटतो, हे मी सांगत गेले आणि सर वहीत लिहीत गेले. आणि मका पिवळा का पडतो तेही कळलं: उतारावरून पाण्याबरोबर नत्र वाहून जातं. त्या सुट्टीत आम्ही शेताला आडवे दगडी बांध घातले.

धाकट्या बहिणीला नर्सिंग करायचंय. तिचा अर्ज अकरावीतच गेला, माझ्या व्हॅलिडिटीची प्रत जोडून, आणि पथक घरी न येता तिचं प्रमाणपत्र मिळालं. एका घरात एक प्रमाणपत्र झालं की वडिलांकडच्या सगळ्या भावंडांचा रस्ता सोपा होतो, म्हणून पहिल्या मुलीला जास्त त्रास होतो आणि तो सोसण्यात अर्थ असतो. माझी प्रत आता भाऊबंदांतल्या कितीतरी फाइलींना लागली आहे. कुणाला हवी असेल तर मी पाठवते, वंशावळीत आपलं नाव माझ्याशी कुठं जुळतं ते आधी आजोबांना विचारून कागदावर लिहून ठेवा, आणि दोन कागदांवर नाव वेगळं दिसलं तर प्रतिज्ञापत्राचा मसुदाही माझ्याकडे आहे.